रोल फिल्मचा किलोचा भाव कसा वाचायचा?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या शेंगदाणा चटणी करतात. आजवर तयार पाऊच आणून त्यावर स्टिकर लावायच्या. आता ऑगर फिलरचं कॉलरवालं मशीन (स्क्रूने भुकटी मोजून टाकणारं आणि रोलच्या फिल्मपासून जागेवरच पाकीट बनवणारं) घेतलंय, म्हणून फिल्मचा छापील रोल हवा आहे. पाकीट २०० ग्रॅमचं, महिन्याचा खप साधारण १२ हजार पाकिटं. तीन ठिकाणांहून कोटेशन आली. पहिलं: २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) बीओपीपी, म्हणजे ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म, अधिक २० मायक्रॉन मेटलाइज्ड, म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली बीओपीपी, ३१० रुपये किलो, छपाईचे सिलिंडर मोफत. दुसरं: १२ मायक्रॉन पॉलिस्टर, १२ मायक्रॉन मेट (मेटलाइज्ड) पॉलिस्टर आणि ५० मायक्रॉन पॉली (पॉलिथिन), २५० रुपये किलो, सिलिंडरचे पैसे वेगळे. तिसरं दुसऱ्यासारखंच, फक्त पॉली ४० मायक्रॉनची, भाव २६५ रुपये, सिलिंडर वेगळे. त्यांचा प्रश्न असा: "भावात एवढा फरक का, आणि सरळ २५० वाला घेतला तर चालेल का?"

ताई, तीन भाव समोर आले की नजर सगळ्यात छोट्या आकड्याकडे जाणारच. पण तुम्ही किलोने फिल्म विकत घेता आणि नगाने चटणी विकता. तुमचा खरा प्रश्न 'किलो कितीला' हा नाही, 'एक पाकीट कितीला' हा आहे. एका किलोत किती पाकिटं निघतील हे तीनही कोटेशनमध्ये वेगळं आहे आणि कोणीच ते लिहून दिलेलं नाही. मी लॅमिनेशनच्या, म्हणजे फिल्मचे थर एकमेकांना चिकटवण्याच्या, धंद्यात कॉस्टिंग बघतो. माझ्याकडे येणाऱ्या नव्या ग्राहकांशी बहुतेक वेळा पहिलं बोलणं याच मुद्द्यावर होतं. म्हणून आधी तो हिशोब करू, मग तुमच्या चटणीला काय लागतं ते बघू. कारण स्वस्त पडणारी फिल्म आणि चालणारी फिल्म एकच असेल असं नाही.

फिल्मची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात, पण पैसे वजनाचे लागतात. दोन्हींना जोडते ती घनता. बीओपीपीची घनता ०.९०५, पॉलीची ०.९२, पॉलिस्टरची १.४. मायक्रॉनला घनतेने गुणलं की जीएसएम मिळतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. १२ मायक्रॉन पॉलिस्टर १६.८ जीएसएम, २० मायक्रॉन बीओपीपी १८.१ जीएसएम. पॉलिस्टर निम्म्याहून थोडंच जाड असूनही वजनाला जवळजवळ तेवढंच भरतं, ते यामुळे. मेटलाइज्ड फिल्मवरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की वजनात तो धरतच नाहीत.

आता तुमचं पाकीट. माप तुम्ही दिलेलं नाही. २०० ग्रॅम चटणीला मी १३० मिलिमीटर रुंद आणि १९० मिलिमीटर लांब पाऊच धरतो. तुमचं माप वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील. मागच्या उभ्या सीलसाठी २० मिलिमीटर धरले तर रोलची रुंदी दोनदा १३० अधिक २०, म्हणजे २८० मिलिमीटर. एका पाकिटाला लागणारी फिल्म ०.२८ गुणिले ०.१९, म्हणजे ०.०५३२ चौरस मीटर.

पहिल्या कोटेशनमध्ये दोन बीओपीपीचे ३६.२ जीएसएम, वाळलेली शाई साधारण दीड आणि चिकटवणारं ॲडेसिव्ह पावणेदोनच्या आसपास. एकूण ३९.५ जीएसएम धरू. एका पाकिटाची फिल्म २.१ ग्रॅमची झाली, किलोत ४७६ पाकिटं निघाली. ३१० रुपयांनी एक पाकीट ६५ पैशांना पडलं.

दुसऱ्यात पॉलिस्टरचे दोन थर ३३.६, ५० मायक्रॉन पॉलीचे ४६, शाई दीड आणि दोन वेळा लॅमिनेशन असल्याने ॲडेसिव्ह साडेतीन. एकूण ८४.६ जीएसएम. पाकीट साडेचार ग्रॅमचं, किलोत २२२. भाव २५० असला तरी एक पाकीट १ रुपया साडेबारा पैशांना.

तिसऱ्यात पॉली ४० मायक्रॉन म्हणून एकूण ७५.४ जीएसएम. पाकीट ४ ग्रॅमचं, किलोत २४९. भाव २६५, पाकीट १ रुपया सव्वासहा पैशांना.

किलोमागे १५ रुपयांनी महाग असलेलं तिसरं कोटेशन पाकिटामागे ६ पैशांनी स्वस्त आहे. किलोला सगळ्यात महाग दिसणारं पहिलं कोटेशन तर पाकिटाला सगळ्यात स्वस्त, तेही मोठ्या फरकाने. तुम्ही २५० बघून हो म्हणाला असतात तर तिघांतलं सगळ्यात महाग पाकीट घेतलं असतं. म्हणून कोणतंही कोटेशन हातात आलं की त्यावर जीएसएम लिहून मागा. जीएसएम गुणिले किलोचा भाव भागिले हजार, हा चौरस मीटरचा भाव. तुमच्या तिघांचा तो अनुक्रमे सव्वाबारा, सव्वाएकवीस आणि वीस रुपये येतो. वेगवेगळ्या रचनेच्या फिल्मची तुलना याच आकड्यावर करता येते.

मग ६५ पैशांची बीओपीपी का घेऊ नये? इथे तुमचा माल काय आहे ते बघावं लागतं.

शेंगदाणा चटणी भुकटीसारखी असते आणि तेलकटही असते. ऑगरमधून ती पडते तेव्हा बारीक कण उडतात आणि वरच्या सीलच्या जागी बसतात. बीओपीपीला उष्णतेने चिकटणारा थर जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा असतो. मध्ये कण आला की त्या जागी सील होत नाही आणि तिथून हळूहळू तेल झिरपतं. ४० मायक्रॉनची पॉली मशीनच्या सील करणाऱ्या जबड्याच्या उष्णतेने वितळून कणाभोवती पसरते आणि त्याला आत घेऊन बंद होते. दुसरं असं की दाण्याचं तेल हवेतल्या प्राणवायूने खवट होतं. मेट बीओपीपी ओल चांगली अडवते, पण प्राणवायू अडवण्यात मेट पॉलिस्टर तिच्या बरंच पुढे आहे. तुमची चटणी गावातच पंधरा दिवसांत खपत असेल तर हा फरक कोणाला जाणवणार नाही. तुम्हाला पाकिटावर चार-सहा महिने लिहायचे असतील आणि माल पुण्या-मुंबईच्या दुकानांत मांडणीवर राहणार असेल, तर चटणीसाठी मी पॉलिस्टर-मेट पॉलिस्टर-पॉली हीच रचना सांगेन. ४० पैसे जास्त जातील. परत आलेल्या एका खोक्याने त्याहून जास्त जातात आणि दुकानदार पुन्हा माल ठेवत नाही ते वेगळंच.

उद्या कडक भाकरी पॅक करायला घेतलीत तर मात्र पहिल्या कोटेशनवाल्याकडेच जा. तिथे शत्रू फक्त ओल आहे, तेल नाही, भुकटीही बेताची. भाकरीवर तीन थरांची फिल्म घालणं म्हणजे पैसे वाया.

पॉली ४० की ५० हा प्रश्न उरतो. २०० ग्रॅमच्या कोरड्या मालाला ४० पुरते, असा माझा अनुभव आहे. अर्धा किलो, एक किलोच्या पाकिटाला मी ६० आणि त्यापुढे जातो, कारण खोक्यात पाकिटं एकमेकांवर आदळतात. तुमचा माल एसटीच्या पार्सलने किंवा टेम्पोत दाबून जात असेल तर ५० मागायला हरकत नाही, पण मग तिसऱ्या कोटेशनवाल्याकडून ५० चा भाव घ्या आणि दुसऱ्याकडून ४० चा. दोघांना एकच रचना दिल्याशिवाय कोण महाग आणि कोण स्वस्त ते कळणार नाही. माझा अंदाज आहे की दुसऱ्याने पॉली जाड धरून किलोचा भाव खाली दाखवला आहे. यात फसवणूक नाही. शाई, ॲडेसिव्ह, छपाई आणि लॅमिनेशनचा खर्च चौरस मीटरवर पडतो, पॉली जाड झाली की तोच खर्च जास्त वजनावर वाटला जातो आणि किलोची सरासरी खाली येते.

ही सरासरी कशी बनते ते उघडून दाखवतो. खालचे भाव फक्त समजायला धरलेत, बाजारात ते रोज हलतात. तिसऱ्या रचनेच्या एक किलो फिल्ममध्ये सुमारे २२३ ग्रॅम पॉलिस्टर, तेवढंच मेट पॉलिस्टर, ४८८ ग्रॅम पॉली, २० ग्रॅम वाळलेली शाई आणि ४६ ग्रॅम ॲडेसिव्ह असतं. पॉलिस्टर ११५ रुपये किलो, मेट १३० आणि पॉली फिल्म १३५ धरली तर तिन्हींचे मिळून १२० रुपये होतात. शाई आणि ॲडेसिव्ह वजनाला मूठभर, पण भावाला चढे, त्यांचे आणखी ३० रुपये. म्हणजे कच्चा माल १५० रुपये. त्यावर वाया जाणारा माल, छपाई, दोन लॅमिनेशन, स्लिटिंग (रुंद रोल मापात कापणं), वीज, मजुरी, भाडं आणि नफा. २५० आणि २६५ मध्ये शंभर-सव्वाशे रुपये या सगळ्याचे आहेत, आणि ऑर्डर मोठी की लहान यावर सगळ्यात जास्त हलतो तो हाच भाग.

छपाईचं मशीन लावताना प्रत्येक रंग जुळेपर्यंत फिल्म धावत राहते. लॅमिनेशनला ताण जुळवताना आणखी जाते. तुमच्या २८० च्या रुंदीचे तीन रोल शेजारी-शेजारी छापले तर ३०० किलोच्या ऑर्डरला साधारण ४७०० मीटर फिल्म लागते. सेटिंगमध्ये सगळे मिळून ५०० मीटर गेले असं धरलं तर ते दहा टक्क्यांच्या वर झालं. हीच ऑर्डर दोन टनांची असती तर ३१ हजार मीटर लागले असते आणि तेच ५०० मीटर दोन टक्क्यांच्याही आत राहिले असते. छोट्या ऑर्डरला जास्त भाव लावतात त्याचं खरं कारण हे आहे.

म्हणून तुम्हाला कोणीतरी सांगेल, एक टन घ्या, किलोमागे दहा रुपये कमी करतो. घेऊ नका. महिन्याला १२ हजार पाकिटं म्हणजे ४८ किलो फिल्म. ३०० किलोच सहा महिने पुरते. एक टन तुम्हाला पावणेदोन वर्षं पुरेल. तोवर पाकिटावरचा पत्ता, पोषणमूल्यांचा तक्ता, परवान्याचा नंबर, काहीतरी बदलतंच. छापील रोल बदलता येत नाही, परत देता येत नाही. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडलेल्या रोलचे थर एकमेकांना चिकटायला लागतात.

आता सिलिंडर. तुमच्या मापाच्या छपाईला प्रत्येक रंगाचा एक सिलिंडर लागतो. लोखंडी नळी, वर तांब्याचा थर, त्यावर खोदकाम आणि वर क्रोम. एका सिलिंडरला समजा ८ हजार, सहा रंगांचे ४८ हजार. तुमच्या वर्षभराच्या १ लाख ४४ हजार पाकिटांवर वाटले तर पाकिटामागे ३३ पैसे. फिल्मच्या १ रुपया ६ पैशांवर हे ३३ पैसे म्हणजे लहान रक्कम नाही. किलोच्या भावात पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे लोक इथे मात्र डिझायनरने दिलेले सहा रंग तसेच मान्य करतात. चार रंगांत काम बसवलंत तर १६ हजार वाचतील. चटणीचा विटकरी लाल चार रंगांच्या मिश्रणातून काढण्याऐवजी तो एकच खास रंग घ्या, सोबत पांढरा, काळा आणि एक पिवळा. खाली मेट पॉलिस्टरची चमक आहेच, जिथे पांढरा छापणार नाही तिथे ती फुकटात दिसेल. दाण्यांचा रंगीत फोटो हवाच असेल तर चारांत बसणार नाही, पण मग त्या फोटोची किंमत किती हे माहीत असू द्या.

तुम्ही पुढे जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी काढणार असाल तर आत्ताच डिझायनरला सांगा की पाया सगळ्यांचा एकच ठेवायचा. नाव, घटक आणि जे जे बदलणार ते सगळं एका काळ्या सिलिंडरवर घ्यायचं. मग नव्या चटणीला सहा सिलिंडर लागत नाहीत, एक लागतो. आणि एकाच मशीन-सेटिंगमध्ये मधला एक सिलिंडर बदलून दोन-तीन चटण्या छापून घेता येतात, म्हणजे वर सांगितलेली ५०० मीटरची नासाडीही वाटली जाते. तुमच्यासारख्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी गोष्ट ही आहे आणि ती पहिल्याच डिझाइनच्या वेळी ठरवावी लागते.

'सिलिंडर मोफत' याचा अर्थ सिलिंडरचे पैसे किलोच्या भावात पसरलेले आहेत. त्यात वाईट काही नाही, सुरुवातीला एकदम ४८ हजार घालायची ऐपत नसेल तर सोयीचंच आहे. फक्त त्या छापखान्याकडून दोन भाव घ्या, सिलिंडर त्यांचे धरून आणि तुमचे धरून. फरक किलोमागे ३० रुपयांचा निघाला तर १६०० किलोत पैसे वसूल होतात. तुमच्या खपाला तेवढी फिल्म संपायला काही वर्षं जातील, म्हणजे नुसत्या पैशांत बघितलं तर मोफत सिलिंडर तुम्हाला परवडतात. पण ते तुमचे नसतात. उद्या त्या छापखान्याने भाव वाढवला, माल उशिरा दिला, तर तुम्हाला दुसरीकडे जाताना पुन्हा शून्यातून सिलिंडर करावे लागतील. तुम्ही पैसे भरून केलेत तर बिलावर 'सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचे, मागणीनुसार परत' हे शब्द लिहून घ्या. तोंडी कबुलीवर सोडू नका.

खप अजून स्थिर नसेल तर मधला मार्गही आहे. बिनछापील मेट फिल्मचा साधा रोल घ्यायचा, मशीनवर थर्मल प्रिंटरने तारीख आणि भाव छापायचा आणि पुढे स्टिकर लावायचा. डिजिटल छपाईही आहे. तिला सिलिंडर लागत नाहीत, थोडी पाकिटंही छापून मिळतात, पण पाकिटाचा दर ग्रॅव्ह्यूरच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या छपाईच्या, कितीतरी वर जातो. नव्या चटणीची चाचणी घ्यायला डिजिटल चांगली, रोजच्या खपाला नाही.

एमआरपी, बॅच आणि तारीख रोलवर छापू नका, त्यासाठी मोकळी पांढरी चौकट ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला अनेक खाद्यपदार्थांचे जीएसटी दर बदलले तेव्हा ज्यांच्या रोलवर एमआरपी छापलेली होती त्यांच्या मागे उरलेल्या रोलवरची किंमत स्टिकर किंवा शिक्क्याने दुरुस्त करायचं काम लागलं.

भाव ठरला, माल आला. आता आलेला माल कोटेशनमध्ये होता तोच आहे का हे तपासा. बहुतेक छोटे उत्पादक हे करत नाहीत आणि ते घरबसल्या होतं. पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा अचूक चौकोन करून घ्या. रोलचे वरचे दोन-तीन वेढे टाकून द्या आणि त्या मापाने फिल्मचे दहा तुकडे धारदार ब्लेडने कापा, रुंदीच्या डावीकडून, मधून आणि उजवीकडून. ओळखीच्या सोनाराकडे जाऊन दहाही तुकडे एकत्र वजन करा. आलेलं वजन गुणिले दहा, हा तुमचा जीएसएम. ७५.४ ची फिल्म असेल तर काट्यावर ७.५४ ग्रॅम दिसायला हवेत. वर-खाली पाच टक्के मी मान्य करतो. त्याच्या बाहेर असेल तर फोन करतो.

इथे एक बारकावा आहे. किलोवर माल घेता तेव्हा फिल्म ठरल्यापेक्षा जाड आली तर नुकसान तुमचं, कारण पाकिटं कमी निघतात. नगावर भाव ठरवता तेव्हा फिल्म पातळ आली तर नुकसान तुमचं, कारण जीएसएम खाली गेलेला कळत नाही आणि सील सुटायला लागतात. सौदा कसा केला आहे त्यावरून कोणत्या बाजूला लक्ष ठेवायचं ते ठरतं. काही जण मला विचारतात की नगावरच भाव का घेऊ नये. घ्या, पण जीएसएम त्यात लिहिलेला हवा.

वजन बघताना कोरही, म्हणजे रोलच्या मधली नळीही, विसरू नका. २८० रुंदीच्या, तीन इंची कोरच्या २० किलोच्या रोलमध्ये कागदी कोर अर्धा किलोच्या आसपास भरतो. बिल कोरसकट वजनावर केलं असेल तर अडीच टक्के तुम्ही पुठ्ठ्याचे भरले, २६५ च्या भावाने किलोमागे साडेसहा रुपये. दोन कोटेशनमधल्या १५ रुपयांच्या फरकातले जवळजवळ निम्मे इथेच आले. 'निव्वळ वजनावर बिल' हे ऑर्डरमध्ये लिहा आणि एक रोल संपला की रिकामा कोर तोलून बघा.

त्याच कागदावर आणखी काही गोष्टी हव्यात: ऑर्डरपेक्षा किती टक्के कमी-जास्त माल येऊ शकतो (धंद्यात दहा टक्के चालतात, त्याहून जास्त घेऊ नका), एका रोलमध्ये किती जोड चालतील आणि ते रंगीत टेपने दाखवलेले असावेत, रोल कोणत्या दिशेने उलगडतो, फोटोसेलची खूण (पाकीट कुठे कापायचं ते मशीनला दाखवणारी) कोणत्या कडेला आहे. शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या मशीनवाल्याला विचारून भरा. उलट्या दिशेचा रोल आला तर तो पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून वाद होतात. शाई खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठीच्या आयएस १५४९५ या मानकाची, टोल्युईन नसलेली आहे असं लेखी घ्या. रोल उघडल्यावर पेंटसारखा वास आला तर तो रोल मशीनवर चढवू नका, तेलकट माल तो वास ओढून घेतो.

तुमच्याकडे कोणी 'फॉइल'चा भाव घेऊन आलं तर तो खरा ॲल्युमिनियम फॉइल आहे की मेटलाइज्ड फिल्म, ते आधी विचारा. अंधारात मोबाइलचा टॉर्च मागे धरा. मेटलाइज्डमधून मंद उजेड दिसतो, फॉइलमधून दिसत नाही. खऱ्या ९ मायक्रॉन फॉइलचे एकट्याचे २४ जीएसएम होतात आणि भाव वेगळ्याच पायरीवर जातो. चटणीला त्याची गरज नाही. शिवाय प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत फॉइलचा थर असलेलं वेष्टन तिसऱ्या वर्गात जातं, निव्वळ प्लास्टिक थरांचं दुसऱ्या वर्गात राहतं.

पैशांच्या बाजूचं थोडं. कोटेशनवरचा भाव बहुतेक करून जीएसटी सोडून असतो आणि फिल्मला तो १८ टक्के आहे. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) असाल तर मिळत नाही आणि १ रुपया ६ पैशांचं पाकीट १ रुपया २५ पैशांना पडतं. वसई किंवा दमणहून येणाऱ्या मालाचं भाडं भावात आहे की वेगळं ते विचारा. सोलापूरला हैदराबाद जवळ आहे, तिकडचेही भाव घेऊन बघा. आणि कोटेशनची मुदत बघा. फिल्मचा भाव कच्च्या तेलापासून प्लास्टिकच्या दाण्यापर्यंत आणि त्या दाण्यापासून फिल्मपर्यंत उतरत येतो, मध्ये काही घडलं की लगेच हलतो. मे २०२५ मध्ये इगतपुरीजवळ मुंढेगावच्या फिल्म कारखान्याला मोठी आग लागली, त्यानंतर बीओपीपी कडाडली. म्हणून पुढच्या ऑर्डरला भाव वाढवून सांगितला तर नुसतं 'बाजार वाढला' ऐकून घेऊ नका. कोणत्या थराचा भाव किती वाढला ते विचारा. पॉलिस्टर किलोला दहा रुपयांनी चढलं तर तुमच्या रचनेत दोन्ही पॉलिस्टर थर मिळून ४५ टक्के आहेत, म्हणजे किलोमागे साडेचार रुपयांची वाढ रास्त. दहा मागितले तर पाच नाकारा.

सिलिंडरचे पैसे भरण्याआधी एक काम मात्र कराच. तिसऱ्या कोटेशनवाल्याकडून १२-१२-४० चा बिनछापील रोल मागा, २८० रुंदीचा, एकच. त्यावर तुमच्या मशीनने १९० लांबीची पाकिटं काढा, मग १८० ची काढा. चटणी भरून वरचं सील नीट बसतं का, आत किती हवा राहते ते बघा. दोन्ही लांबीची काही पाकिटं खोक्यात भरून ओळखीच्या दुकानदाराकडे पाठवा आणि परत मागवा. काही पाकिटं घरात सगळ्यात गरम जागी महिनाभर ठेवून उघडा, वास घ्या, सीलच्या कडेला बोट फिरवून तेल लागतं का बघा. १८० मध्ये काम भागलं तर फिल्म पाच टक्क्यांनी कमी लागेल, म्हणजे पाकिटामागे साडेपाच पैसे. २५० आणि २६५ च्या कोटेशनमध्ये जेवढा फरक होता जवळजवळ तेवढा, आणि तो प्रत्येक ऑर्डरला मिळत राहील. सिलिंडरचा घेर पाकिटाच्या लांबीवरून ठरतो. खोदकाम झाल्यावर लांबी बदलता येत नाही, त्यामुळे १९० की १८० हे त्या साध्या रोलवर ठरवा आणि तो आकडा डिझायनरला द्या.

रोल चालवून झाल्यावर पाकिटाचं खरं माप आणि सोनाराच्या काट्यावर आलेलं दहा तुकड्यांचं वजन इथे लिहा. तिन्ही कोटेशनचा हिशोब त्या आकड्यांवर पुन्हा करून देतो.